मुद्रितशोधनासाठी टॅबलेट: निवड, मांडणी आणि रोजचा वापर

प्रकाशकाकडून प्रुफांचा, म्हणजे छपाईपूर्वी तपासायच्या पानांचा, गठ्ठा घरी येणे आता विरळ झाले आहे. अक्षरजुळणी पूर्ण होताच डीटीपी ऑपरेटर पीडीएफ पाठवतो आणि ती छापून घ्यायची की पडद्यावरच वाचायची हे मुद्रितशोधकाला ठरवावे लागते. तीनशे पानांचे पुस्तक तीन वेळा तपासायचे तर नऊशे पाने छापावी लागतात, आणि तो खर्च बहुतेक वेळा मुद्रितशोधकाच्याच माथी येतो. संगणकाच्या आडव्या पडद्यावर उभे पान पुरते मावत नाही, शिवाय माऊसने काकपदाची (गळलेला मजकूर कोठे घालायचा ते दाखवणारी) खूण काढणे हे हाताला न मानवणारे काम आहे. हातात धरता येणारा, पानासारखा उभा राहणारा आणि लेखणीने लिहिता येणारा टॅबलेट या कामाला नेमका जुळतो. मात्र दुकानातून आणला आणि काम सुरू केले असे करून चालत नाही. मराठी मजकुरासाठी त्याची मांडणी आधी मन लावून करावी लागते.

पडद्याचा आकार पानावरून ठरवावा

टॅबलेट विकत घेताना पहिला प्रश्न किमतीचा नसून पानाचा असावा. मराठीतील कथा-कादंबऱ्या आणि वैचारिक पुस्तके बहुतांशी डेमी आकारात, म्हणजे सुमारे ५.५ × ८.५ इंचांच्या पानावर छापली जातात. ११ इंची टॅबलेटचा पडदा १६:१० प्रमाणाचा असेल, तर तो उभा धरल्यावर सुमारे ५.८ × ९.३ इंच भरतो. त्यात डेमी पान मूळ आकारात मावते आणि वर ॲपच्या पट्टीपुरती जागाही उरते. पान मूळ आकारात दिसणे ही केवळ सोय नव्हे. वाचकाला जे पान दिसणार आहे तेच आपल्याला दिसत असल्यामुळे दोन शब्दांतील जास्तीची जागा, ओळीच्या शेवटी विचित्र तुटलेला शब्द किंवा पानाच्या माथ्यावर एकटीच राहिलेली परिच्छेदाची शेवटची ओळ लगेच नजरेत भरते. ८.७ इंची टॅबलेट हलका आणि स्वस्त असतो, पण त्यावर हेच पान छापील आकाराच्या जेमतेम ८० टक्क्यांवर येते. मग आपण पान मोठे करून, सरकवत सरकवत वाचू लागतो आणि त्या सरकवण्यात एखादी ओळ निसटते. ए-४ आकाराची हस्तलिखिते किंवा दोन-तीन रकान्यांचे दिवाळी अंक हेच ज्यांचे मुख्य काम आहे, त्यांनी १२ इंचांच्या पुढचा पडदा पाहावा. बाकीच्यांना ११ इंच पुरतात.

दुसरी बाब पडद्याच्या बारकाव्याची. मराठीत शिरोरेघेच्या वरच्या चिमुकल्या जागेत रफार, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार दाटीवाटीने बसतात. ‘धर्मांध’ या शब्दातील रफार आणि त्याला खेटलेला अनुस्वार वेगवेगळे दिसले पाहिजेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील फरक एका दृष्टिक्षेपात कळला पाहिजे, कारण पहिल्यात गुरुजन आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. पडद्याच्या प्रत्येक इंचात दोनशेपेक्षा अधिक ठिपके असतील तर हे साधते. ११ इंची पडद्यावर १९२० × १२०० ठिपके असल्यास इंचाला सुमारे २०६ पडतात. ही मी किमान मर्यादा मानतो. दुकानात जाताना आपल्याच कामातील एक पीडीएफ फोनमध्ये न्यावी, ती तेथील टॅबलेटवर उघडायला सांगावी आणि पान मोठे न करता वाचून पाहावी. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा ही पाच मिनिटे अधिक खरे सांगतात.

लेखणीच्या बाबतीत मी आग्रही आहे. बोटाने किंवा रबरी टोकाच्या साध्या लेखणीने खुणा करता येतात, पण अक्षर जाड आणि वेडेवाकडे येते व ऑपरेटरला ते वाचता येत नाही. टॅबलेटच्या कंपनीने त्याच टॅबलेटसाठी बनवलेली लेखणीच घ्यावी. सॅमसंगच्या एस पेनला लिहिण्यासाठी चार्जिंग लागत नाही, ॲपल पेन्सिल मात्र चार्ज करावी लागते. काही टॅबलेटबरोबर लेखणी पेटीतच मिळते, काहींसाठी वेगळी घ्यावी लागते, म्हणून किमतींची तुलना लेखणी धरूनच करावी. साठवण १२८ जीबी आणि रॅम ६ जीबी असली की सचित्र पुस्तकांच्या जड पीडीएफही अडखळत नाहीत. सिमकार्डाची सोय असलेले महागडे मॉडेल या कामाला गरजेचे नाही. फोनचा हॉटस्पॉट पुरतो.

पहिल्या दिवशी करायची कामे

पेटी उघडल्यावर आधी टॅबलेट पूर्ण चार्ज करावा, वाय-फायला जोडावा आणि प्रणालीची सर्व अद्यतने उतरवून घ्यावीत. हे आधीच उरकलेले बरे. नाहीतर नेमके अखेरचे प्रूफ द्यायच्या दिवशी टॅबलेट अद्यतनासाठी अडून बसतो.

कामासाठी वेगळे गूगल खाते उघडावे. घरच्या खात्यावर कुटुंबाचे फोटो, बँकेचे ईमेल आणि लेखकाचे अप्रकाशित हस्तलिखित यांची सरमिसळ होणे योग्य नाही. प्रत्येक खात्याला मिळणारी १५ जीबीची मोफत जागाही मग फक्त कामासाठी राहते. पडद्याला किमान सहा अंकी पिन लावावा आणि हरवलेले उपकरण शोधण्याची सुविधा सुरू आहे ना हे पाहावे. प्रकाशनापूर्वीचा मजकूर हा आपल्याकडे विश्वासाने ठेवलेला ऐवज असतो. टॅबलेट एस.टी.त विसरला, तर तो उघडून कोणाला ते पुस्तक वाचता येता कामा नये.

यानंतर भाषेची मांडणी. सेटिंग्जमधील भाषांच्या यादीत ‘मराठी (भारत)’ जोडावी. टॅबलेटची संपूर्ण भाषा मराठी ठेवायची की नाही हा आवडीचा प्रश्न आहे, पण मराठी यादीत असणे उपयोगाचे ठरते. काही फाँटांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी व मराठी अशी दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल तेव्हाच मराठी वळण दिसते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देवनागरी वर्णमालेचे जे प्रमाणीकरण केले, त्यात या अक्षरांची मराठी वळणेच स्वीकारलेली आहेत. मुद्रितशोधकाच्या पडद्यावर ती दिसत नसतील, तर पानावरचे वळण चुकीचे आहे की आपल्या पडद्यावरचे, हा घोळ होतो.

टंकलेखनासाठी गूगलच्या जीबोर्ड या कळफलक-ॲपमध्ये मराठी जोडताना तीन पर्याय दिसतात: मराठी अक्षरांची कळफलकरचना, रोमन अक्षरे टंकून मराठी मिळवण्याची रचना, आणि बोटाने वा लेखणीने लिहिलेले ओळखणारी हस्तलेखन रचना. मी तिन्ही सुरू ठेवतो. समासातील टिपेत एखाद-दुसरा शब्द लिहायचा असेल तर हस्तलेखन सर्वांत जलद पडते. रोमन लिपीतून टंकताना मात्र सावध राहावे. ती रचना आपल्याला शब्द सुचवते आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाचे चुकीचे पर्यायही येतात. घाईत ‘आणी’ स्वीकारले गेले, तर दुरुस्ती म्हणून आपणच चूक पाठवल्यासारखे होईल. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळफलकरचना येणाऱ्यांनी बाहेरचा ब्लूटूथ कीबोर्ड विकत घेण्यापूर्वी तो टॅबलेटला जोडून मराठी अक्षरे नीट उमटतात का, हे दुकानातच पाहावे. पडद्यावरचा कळफलक मराठीत चालतो म्हणजे बाहेरचाही चालेलच असे नाही.

पडद्याची चमक खोलीतील उजेडाइतकीच ठेवावी. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय वाचनापुरती ठीक आहे, पण मुखपृष्ठ किंवा रंगीत चित्रे तपासताना ती बंद करावी. पडदा आपोआप फिरण्याची सोय बंद करून तो उभाच ठेवावा. कागदासारखा खरखरीत स्पर्श देणाऱ्या पडदा-आवरणांची अलीकडे बरीच जाहिरात होते. त्यांवर लेखणी छान चालते हे खरे, पण अक्षरांची धार थोडी बोथट होते आणि लेखणीचे टोकही लवकर झिजते. अनुस्वार शोधत बसणाऱ्या माणसाने साधे, स्वच्छ काचेचे आवरण घ्यावे असे माझे मत आहे.

ॲप निवडताना खूण कशी जतन होते ते पाहावे

या भागावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. पीडीएफवर खुणा करणारी ॲप दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारातील ॲप प्रत्येक खूण स्वतंत्र टिप्पणी म्हणून फाइलमध्ये जतन करते. ऑपरेटरने ती फाइल ॲक्रोबॅट या पीडीएफ-सॉफ्टवेअरमध्ये उघडली की बाजूला सर्व टिप्पण्यांची यादी पानवार दिसते, एकेक दुरुस्ती केली की तिच्यावर बरोबरची खूण करता येते आणि एकही सुटत नाही. पुस्तकाची पाने मांडण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरच्या २०१९ च्या आवृत्तीपासून तर अशा टिप्पण्या थेट पानावर आणता येतात. दुसऱ्या प्रकारातील ॲप, विशेषतः वहीसारखी वापरायची टिपणांची ॲप, फाइल बाहेर पाठवताना खुणा पानात मिसळून टाकतात. दिसायला त्या तशाच दिसतात, पण यादी तयार होत नाही.

एका दिवाळी अंकाच्या धामधुमीत मी असेच एक टिपणांचे ॲप वापरले होते. मजकुराच्या आतच, अनुस्वाराच्या जागी, लाल ठिपके देऊन मी पाने परत केली. ऑपरेटरकडे यादी गेलीच नाही. त्याने पाने एकामागून एक सरकवत दुरुस्त्या केल्या आणि शिरोरेघेवरचे कितीतरी ठिपके त्याच्या नजरेतून सुटले. अंक छापून आल्यावर ते मी पाहिले, आणि ती चूक ऑपरेटरची नव्हती. तेव्हापासून दोन नियम मी पाळतो. स्वतंत्र टिप्पण्या जतन करणारे ॲपच वापरायचे, आणि मजकुरातील प्रत्येक खुणेला समासात तिच्याशी जुळणारी जोडखूण द्यायचीच, मग ती अनुस्वाराएवढी लहान का असेना.

ॲक्रोबॅट रीडरच्या मोफत आवृत्तीत ठळक करणे, खोडरेघ, चिठ्ठी आणि मुक्तहस्त रेखाटन एवढे मिळते आणि प्रुफासाठी ते पुरेसे आहे. ॲप कोणतेही घेतले तरी पहिल्याच दिवशी एक चाचणी करावी. एका चिठ्ठीत ‘आचाऱ्यांना’, ‘क्षत्रिय’, ‘ॲडव्होकेट’, ‘शृंगार’, ‘उद्ध्वस्त’ हे शब्द टंकावेत, फाइल जतन करून दुसऱ्या संगणकावर उघडावी आणि जोडाक्षरे शाबूत आहेत का ते पाहावे. काही ॲपमध्ये चिठ्ठीतील मराठी नीट राहते, पण पानावर थेट टंकलेल्या चौकटीतील जोडाक्षरे फुटतात. तसे आढळल्यास चौकट वापरू नये. तळवा टेकल्यावर पडद्यावर रेघा उमटू नयेत म्हणून ‘फक्त लेखणीने रेखाटन, बोटाने सरकवणे’ असा पर्याय ॲपमध्ये असतो. तो सुरू करावा.

लेखकाकडून वर्ड फाइलच संपादनासाठी येत असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी. मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्याच्या टॅबलेटवर वर्डमध्ये संपादन करण्यासाठी सशुल्क सदस्यत्व लागते. ते नको असल्यास गूगल डॉक्समध्ये सूचना-पद्धती सुरू करून काम करता येते. प्रत्येक बदल वेगळ्या रंगात दिसतो आणि तो स्वीकारायचा की नाही हे लेखक ठरवू शकतो.

फाइलींची शिस्त

प्रत्येक पुस्तकासाठी एक फोल्डर करावा आणि त्यात हस्तलिखित, आलेली प्रुफे आणि पाठवलेली प्रुफे असे तीन उपफोल्डर ठेवावेत. आलेल्या फाइलीवर कधीही थेट खुणा करू नयेत. तिची प्रत काढावी आणि नावात पुस्तकाचे लघुनाम, प्रुफाचा क्रमांक व तारीख घालावी, उदाहरणार्थ ‘नदीकाठ_प्रूफ२_१४ऑगस्ट’. ‘फायनल’, ‘नवीन फायनल’, ‘खरे फायनल’ अशी नावे देण्याची रीत अनेक ठिकाणी आहे आणि तिने जुन्या फाइलीवरच पुन्हा काम झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

दिवसाचे काम संपताना फोल्डर गूगल ड्राइव्हवर चढला आहे याची खात्री करावी आणि आठवड्यातून एकदा यूएसबी-सी पेनड्राइव्हवर प्रत काढावी. फाइल व्हॉट्सॲपने पाठवायची असल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी. पानाचे छायाचित्र काढून पाठवले तर ते दाबले जाते आणि वेलांटी-अनुस्वार पुसट होतात. ईमेलला जोडलेली फाइल साधारण २५ एमबीपर्यंतच चालते, त्यामुळे सचित्र पुस्तकासाठी ड्राइव्हचा दुवा द्यावा आणि तो दुवा सर्वांसाठी खुला न ठेवता ऑपरेटरच्या ईमेलपुरताच ठेवावा.

प्रत्यक्ष तपासणी

पहिले प्रूफ हस्तलिखिताशी ताडून वाचायचे असते. टॅबलेटचा पडदा दुभागून एका बाजूला हस्तलिखित आणि दुसऱ्या बाजूला प्रूफ ठेवता येते, पण ११ इंची पडद्याच्या अर्ध्या भागात पान फार लहान होते. त्यापेक्षा हस्तलिखित फोनवर किंवा संगणकावर उघडून शेजारी ठेवावे. हस्तलिखित युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व उपकरणांवर चालणाऱ्या आजच्या प्रमाण अक्षरसंकेतात, टंकलेले असेल तर आणखी चांगला मार्ग आहे. अँड्रॉइडच्या सुलभता-सेटिंग्जमध्ये निवडलेला मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते आणि गूगलचा मराठी आवाज त्यासाठी उपलब्ध आहे. यंत्राने हस्तलिखित वाचावे आणि आपण प्रूफ पाहत जावे. पूर्वी छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचत असे आणि दुसरा प्रुफावर नजर ठेवत असे, त्याच पद्धतीचे हे नवे रूप. गळलेली ओळ, दोनदा आलेला शब्द, बदललेले नाव असे सर्व यात सापडते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र कानाला कळत नाहीत, म्हणून या वाचनावर विसंबून दुसरे वाचन टाळता येणार नाही.

दुसरे वाचन निव्वळ डोळ्यांनी, भाषेसाठी करावे. येथे शोधाची सोय मोठी मदत करते, परंतु आधी पीडीएफमधील मजकूर शोधण्याजोगा आहे का हे तपासले पाहिजे. एक शब्द निवडून त्याची नक्कल करावी आणि टिपणाच्या ॲपमध्ये चिकटवावी. मराठी अक्षरे आली तर शोध चालेल. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी आली तर पुस्तक श्री-लिपी किंवा तत्सम जुन्या फाँटात जुळवलेले आहे असे समजावे आणि शोधाचा नाद सोडावा. युनिकोड पीडीएफमध्येही पहिली वेलांटी कधी कधी जागा सोडते, त्यामुळे ‘सापडले नाही’ हे उत्तर अंतिम मानू नये.

आणखी एक अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांना’ यांतील अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी टंकता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पानावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधाच्या दृष्टीने ते वेगळे शब्द आहेत. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. त्याआधीच्या आणि आजही कित्येक फाइलींत ते ‘अ’ला चंद्र जोडून केलेले असते. म्हणून असा शब्द शोधताना तो आपण टंकू नये. पुस्तकात जेथे तो दिसेल तेथूनच नक्कल करून शोधाच्या चौकटीत चिकटवावा आणि दुसऱ्या रूपासाठी पुन्हा एकदा शोध घ्यावा. जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये रूपांतरित केलेल्या पुस्तकांत नेमकी हीच अक्षरे अधिक बिघडतात. तेथे ऱ्य, ऱ्ह, ॲ, द्य, क्त, श्र यांच्यावर पहिल्या पंचवीस पानांत विशेष लक्ष ठेवावे. बिघाडाची तऱ्हा कळली की पुढे तो पकडणे सोपे जाते.

संदर्भासाठी मराठी साहित्य महामंडळाच्या १८ लेखननियमांची फाइल टॅबलेटच्या मुख्य पडद्यावर ठेवावी. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविराज’ ऱ्हस्व, अशा ठिकाणी अनुभवी माणसाचाही हात क्षणभर थांबतो. विशेषनामांसाठी आणि परकीय नावांच्या लेखनासाठी मराठी विश्वकोशाचे संकेतस्थळ उपयोगी पडते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश महाजालावर सहज शोधता येतो आणि अर्थासाठी तो अनमोल आहे, पण त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मधली आहे. आजच्या लेखनाचा निवाडा त्यावरून करू नये. याशिवाय प्रत्येक पुस्तकासाठी टॅबलेटवर एक शब्दनोंद ठेवावी: लेखक ‘महत्त्वाकांक्षा’ लिहितो की पात्राच्या तोंडी ‘म्हत्त्वाकांक्षा’ हेतुतः घालतो, ‘पाउस’ कवितेत मुद्दाम ऱ्हस्व ठेवला आहे का, गावाचे नाव कसे लिहायचे ठरले आहे. बोलीतील रूप ‘शुद्ध’ करून टाकणे ही मुद्रितशोधकाच्या हातून होणारी सर्वांत दुखरी चूक आहे आणि ही नोंद तिला आळा घालते.

तिसरे वाचन म्हणजे दुरुस्त्यांची पडताळणी. दुसरे प्रूफ आणि नवी फाइल शेजारी-शेजारी ठेवून टिप्पण्यांच्या यादीप्रमाणे एकेक दुरुस्ती पाहावी आणि ती जेथे झाली आहे तो संपूर्ण परिच्छेद पुन्हा वाचावा, कारण एक शब्द वाढल्याने पुढच्या ओळी सरकतात आणि नव्या जागी शब्द तुटतात. अनुक्रमणिकेतील पृष्ठक्रमांक याच फेरीत प्रत्यक्ष पानांशी जुळवावेत.

डोळे, मान आणि बॅटरी

टॅबलेट टेबलावर सपाट ठेवून तासन्‌तास वाकून वाचू नये. तिरका धरणारा साधा स्टँड घ्यावा. दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूरवर पाहावे आणि सलग दोन तासांपेक्षा अधिक वाचू नये. थकलेला डोळा चुकीचा शब्द बरोबर वाचतो. बॅटरी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणारी सोय बऱ्याच टॅबलेटमध्ये असते. कायम घरीच काम करणाऱ्यांनी ती सुरू ठेवावी. चार्ज होत असताना टॅबलेट उन्हात किंवा उशीवर ठेवू नये.

पुस्तक छापून हाती आले की टॅबलेटवरील हस्तलिखिताच्या आणि प्रुफांच्या प्रती काढून टाकाव्यात, ड्राइव्हचा दुवा बंद करावा आणि ती शब्दनोंद मात्र जपून ठेवावी, कारण त्याच लेखकाचे पुढचे पुस्तक आल्यावर सर्वांत आधी तीच उघडावी लागते.